आप्पा पकड

वडगाव रासाईच्या शाळेत धनुष्यबाणांची खोकी उतरली तेव्हा मुख्याध्यापक ज्ञानदेव सरांना वाटलं, कुणाच्या तरी गणपतीच्या देखाव्याचं सामान चुकून आपल्याकडं आलं. मग कळलं, सरकारनंच पाठवलीयत. बांबूची धनुष्यं, बाण, रंगीत वर्तुळं छापलेले कागद आणि वर हुकूम, की शाळेनं धनुर्विद्या सुरू करावी. सरकारचं काय, त्याला आज शाळेत संडास हवा असतो, उद्या अर्जुन. संडास बांधायचा राहूनच गेला होता, तेव्हा निदान अर्जुन तरी दाखवू म्हणून सरांनी ती खोकी पी.टी.च्या भिमाजी मास्तरांच्या गळ्यात मारली. मास्तर "व्हय सर" म्हणाले. ते सगळ्यालाच व्हय म्हणत.

भिमाजी मास्तर मूळचे कवठे येमाईचे. वडिलांनी जन्मभर मेंढरं राखली, उन्हापावसात रानोमाळ हिंडले, आणि पोराला मात्र शिकवून मास्तर केलं. मास्तर तरी कसले, आधी कित्येक वर्षं विनाअनुदानित शाळेत, जिथं पगाराच्या नावानं चांगभलं, आणि आता आनंदरावांच्या संस्थेत शिक्षणसेवक. या शब्दात शिक्षण थोडं आणि सेवा फार. ठरावीक वर्षं सेवा झाली की पर्मनंट करायचं असा नियम होता. पण नियम मुंबईत होता आणि सही करायचं पेन आनंदरावांच्या खिशात होतं.

आनंदराव म्हणजे आप्पा. दूध संस्थेचे चेअरमन, शिक्षण संस्थेचे अध्यक्ष, सोसायटीत ते म्हणतील ती पूर्व, आणि मनात झेडपीचं तिकीट. पंचक्रोशीत आप्पांचं चुकलं असं कधी झालेलं नव्हतं. म्हणजे चुकायचं रोज, पण तसं म्हणायला कुणी पुढं यायचं नाही, आणि कुणी न दाखवलेली चूक ही चूक नसते, असं आमच्या भागातलं शास्त्र आहे. त्यात आप्पांचा काही दोष नव्हता. ज्याच्या प्रत्येक वाक्याला चार माना हलतात, त्याला आपण शहाणे आहोत असंच वाटणार.

तर भिमाजी मास्तरांना धनुर्विद्येच्या शिबिरासाठी पुण्याला धाडलं. बाकीच्या शाळांचे मास्तर तिथं झाडाखाली बसून पगारवाढीवर बोलत राहिले. आमच्या मास्तरांना मात्र देवाची करणी म्हणा, ती विद्या जमली. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट जमलं म्हणून ते हरखले. गावी आले ते एक धनुष्य पोत्यात गुंडाळून घरी घेऊन, आणि संध्याकाळी तेजश्रीला, आपल्या लेकीला, घेऊन भीमेकाठच्या ऊस तुटून गेलेल्या रानात गेले. कडब्याच्या पेंढ्या एकावर एक बांधल्या आणि त्यावर तो रंगीत कागद टाचला.

तेजश्री सातवीत होती. उंच, लांब हातांची, बोलायला कमी आणि बघायला जास्त. तिनं पहिल्यांदा धनुष्य हातात घेतलं आणि जगातला प्रत्येक नवखा माणूस जे करतो तेच केलं. बाणाचं शेपूट अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढलं. दोरी जेमतेम वीतभर मागं आली, बाण घसरला आणि पायाशी पडला.

"आगं, तपकीर हाय का ती, चिमटीत धरायला?" मास्तर म्हणाले.

"मग कशी धरू?"

"पाण्यानं भरलेली बादली कशी उचलतीस? कडी कुठं असती?"

तेजश्रीनं हवेतच बादली उचलली. तीन बोटं आकड्यासारखी वळली. "हितं. बोटाच्या पहिल्या पेरावर."

"आन् अंगठा काय करतोय?"

"काय न्हाई. नुसता हाय."

"बास! हितंबी तसंच. एक बोट बाणाच्या वर, दोन खाली. अंगठा नुसता हाय."

मग दुसरी गोष्ट. डाव्या हातात तिनं धनुष्य असं आवळलं होतं की सुटलेली दोरी सटकन कोपराखाली बसली आणि लाल वळ उठला. मास्तरांनी तिची मूठ सैल केली. "कोंबडीचं पिल्लू धरल्यागत धर. आवळलं तर मरतंय, सोडलं तर पळतंय." ती हातानं ओढत होती, तिचा दंड थरथरत होता. मास्तरांनी तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवली. "हातानं न्हाई. कोपर मागं जाऊ दे. पाठीच्या ह्या दोन पात्या एकमेकींला भेटाय निघाल्यागत जवळ आल्या पायजेत. दोरी हनुवटीखाली टेकली की थांब. आन् सोडायचं म्हंजी बोटं फाकवायची न्हाईत. बादली खाली टेकल्यावर बोटं आपसूक ढिली पडत्यात का न्हाई, तेवढंच."

सूर्य कलला तोवर तिचे बाण कडब्यात रुतायला लागले होते. मग एक पिवळ्यात, अगदी मधोमध, जाऊन बसला. मास्तरांनी कौतुकानं इकडं तिकडं बघितलं, तर बघायला फक्त एक म्हैस होती, आणि तिलाही विशेष वाटलेलं दिसलं नाही. पण मास्तरांना भरून आलं होतं. आपल्याकडून कुणालातरी काहीतरी खरं मिळालं, असं त्यांना त्या दिवशी वाटलं, आणि ते खरंच होतं.

पुढं पावसाळ्यानंतर बातमी आली, की सरकारी क्रीडा वसतिगृहात धनुर्विद्येच्या मुली घेणार आहेत. राहणं, खाणं, शाळा, शिकवणारे मोठे कोच, सगळं तिथंच. निवड दौंडला, उन्हाळ्याच्या तोंडाशी. अट एकच, वय चौदाच्या आत. तेजश्रीला पुढच्या जूनमध्ये चौदा पुरी होत होती. म्हणजे जे काय व्हायचं ते ह्याच साली. तिनं ते ऐकलं आणि रोज शाळा सुटली की न सांगता रानात जायला लागली. तिच्या मैत्रिणींच्या घरी पाहुणे यायला सुरुवात झाली होती, आणि पाहुण्यांनी यायच्या आधी गावाबाहेर पडायचा तो एकच रस्ता तिला दिसत होता.

इथवर सगळं सरळ होतं. पण ज्ञानदेव सरांच्या मते उद्घाटन झाल्याशिवाय कुठलीही विद्या सुरू होत नाही.

मांडव पडला, कर्णे लागले, आप्पा आले. नारळ झाला, हार झाले, आणि मग आप्पांच्या हातानं पहिला बाण सुटणार असं सरांनी माईकवरून जाहीर केलं. आप्पांच्या उजव्या हातात तर्जनीला पुष्कराज, मधल्या बोटाला नीलम, अनामिकेला पोवळं आणि करंगळीला मोती. केडगावच्या ज्योतिष्यानं गुरू, शनी, मंगळ आणि चंद्र अशा चार जणांना तिकीट मिळेपर्यंत तिथं बसवून ठेवलं होतं, आणि तोवर अंगठ्या काढायच्या नाहीत, त्यांना धक्काही लागता कामा नये, अशी ताकीद होती. म्हणजे दोरीला ज्या बोटांची गरज, नेमकं त्यांच्यावर ग्रहांचं अतिक्रमण. मोकळा होता तो एक अंगठा.

आप्पांनी मग अंगठा आणि तर्जनीची कड यांच्या चिमटीत बाण धरला. डाव्या मुठीत धनुष्य असं आवळलं, जसं काही विरोधी पॅनेलच्या उमेदवाराचं मानगूट. दोरी पोटापर्यंत आली आणि पोटानंच तिला आणखी मागं येऊ दिलं नाही. बाण सुटला म्हणण्यापेक्षा निसटला. तो आडवा गिरक्या घेत गेला आणि मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यात जाऊन बसला. कर्णा एकदा कोकलला आणि गप झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला.

आणि इथं भिमाजी मास्तरांच्या हातून घोटाळा झाला. ते आप्पांच्या शेजारी उभे होते, हातात माईक होता, आणि डोक्यात पुण्याचं शिबिर होतं. तोंडातून निघून गेलं, "आप्पा, अंगठा लावू नका."

दुसरा कर्णा चालू होता. सगळ्या गावानं ऐकलं. मांडवात अशी शांतता पसरली की मागच्या बाजूला कुणीतरी भजी तळत होतं त्याचा आवाज पुढं आला. ज्ञानदेव सरांनी मास्तरांकडं असं बघितलं, की मास्तरांना आपली फाईल डोळ्यांसमोर दिसली, आणि तिच्यावर सही नव्हती.

"म्हंजी," मास्तर घाईनं म्हणाले, "अंगठा लावू नका, असं पुस्तकात दिलेलं हाय. पण पुस्तकं हायत परदेशी. आप्पांनी धरली ती आपल्या मातीतली पकड. जुनी. आता कुणाला येत न्हाई ती. आप्पांना कशी आली, देवाला ठाऊक."

टाळ्या पुन्हा पडल्या, आणि ह्या वेळी जास्त. आप्पांनी माईक घेतला. "मला कुणी शिकवलेलं न्हाई," ते म्हणाले. "रक्तातच असावं लागतंय." सरांनी आभार मानताना त्या प्रकाराला 'आप्पा पकड' असं नाव देऊन टाकलं. दोन दिवसांनी तालुक्याच्या पेपरात फोटो आला, त्यात बाण कुठं गेला ते दिसत नव्हतं. महिन्याभरात शाळेच्या भिंतीवर ऑइलपेंटमध्ये एक भला मोठा हात निघाला, चिमटीत बाण आणि बोटांवर पिवळी, निळी, लाल, पांढरी अशा अंगठ्या. पेंटरनं अंगठ्या फार मन लावून काढल्या होत्या. बाणाचं टोक मात्र उलट्या बाजूला आलं होतं. तेही कुणी दाखवलं नाही.

मग काय, राजा बोले दल हाले. उद्घाटनाच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्या पोरांनी आप्पा पकडीनंच बाण मारायचे असा सरांचा आदेश निघाला. पोरं ती पोरं, त्यांनी गवताच्या काड्यांच्या अंगठ्या करून बोटांत घातल्या. बाण चिंचेत गेले, पत्र्यावर गेले, एक तर सरांच्या स्कूटरच्या सीटमध्ये गेला. निशाणाचा कागद मात्र महिनोन्महिने कोरा राहिला, त्यामुळं सरकारी सामानाची बचत झाली. "मैदानाला उतार हाय, आन् नदीवरनं वारा येतोय," सर म्हणत. नाचता येईना अंगण वाकडं, पण इथं नाचणारा कोण आणि अंगण कुणाचं हे सगळ्यांना ठाऊक असून सगळे वाऱ्यालाच शिव्या देत होते. मास्तर मैदानात उभं राहून, ज्या चिमटीवरून त्यांनी लेकीला तपकिरीचा टोमणा मारला होता, तीच चिमटी पोरांना बोट धरून शिकवत होते. पोरांच्या हातांवर वळ उठत. ते खोबरेल तेल लावत.

"दादा, मी काय करू?" तेजश्रीनं घरी विचारलं. "शाळेत चिमटी, घरी बादली. बोटांला कळंना झालंय कुणाचं ऐकायचं."

"शाळेत आप्पा, घरी आपण," मास्तर म्हणाले. "चार दिवस कळ काढ. माझी सही होऊ दे."

सगुणाबाई, मास्तरांची बायको, चुलीपुढं भाकरी थापत होती. ती तोंडाची फटकळ आणि मनाची सरळ, आणि मास्तरांच्या संसारात सरळपणा जेवढा म्हणून होता तो तिच्याच वाटणीचा. "मामंजी मेंढरं हाकायचे," ती म्हणाली. "तुमाला शिकवलं आन् तुम्ही मेंढरात जाऊन हुबं ऱ्हायलात."

मास्तर हसले. दुसरं काय करणार. बायकोचं खरं असतं तेव्हा हसण्याची सोय देवानं नवऱ्याला दिलेली आहे.

पण तेजश्रीचं म्हणणं खरं ठरत होतं. दिवसभर चिमटी धरून आलेली बोटं संध्याकाळी आकड्यासारखी वळायला कुरकुरत. अंगठा, जो नुसता असायचा, तो आपणहून पुढं येऊन बाणाला चिकटे. मग मास्तर तिच्या तळहातात एक चिंचोका ठेवून त्यावर अंगठा आणि करंगळी मिटायला लावत, म्हणजे अंगठ्याला उद्योग राहील. हा तोडगा त्यांच्या स्वतःच्या डोक्यातला होता आणि फार चांगला होता. असे तोडगे सुचणारा माणूस दिवसा भिंतीवरच्या अंगठ्या पोरांना दाखवत होता, याचा राग मला आजही येतो.

दौंडच्या आदल्या संध्याकाळी मास्तरांनी लेकीला जवळ बसवून बेत सांगितला. प्रमुख पाहुणे आप्पाच होते. शाळा शिरूर तालुक्यात, मैदान दौंड तालुक्यात, मधे भीमा, आणि दोन्हीकडं मतदार. "आप्पा असतील तवर चिमटी," मास्तर म्हणाले. "आप्पा गेले की बादली."

"आन् गेलेच न्हाईत तर?"

"आप्पा कवा थांबल्यात का कुठं? दिवा, हार, भाषण, जीप. तुझी पाळी येईस्तवर जीप पाटसच्या पुढं गेली आसंल."

यात खोटं काही नव्हतं. आप्पांनी आजवर ज्या ज्या गोष्टीचं उद्घाटन केलं, त्यातली एकही पुढं कशी झाली हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

दौंडला झालंही तसंच. दिवा झाला, हार झाले, भाषण झालं. आप्पा उठले आणि मैदानाबाहेर जीपकडं चालायला लागले. मास्तरांनी लेकीकडं बघून हळूच बादली उचलल्यासारखा हात केला. तेजश्रीच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिनं चिंचोका तळहातात मिटला, रेषेवर उभी राहिली, आणि कोपर मागं गेलं. दोरी हनुवटीला टेकली. बोटं ढिली पडली. बाण पिवळ्यात. पुढचा पिवळ्याच्या कडेला. त्याच्या पुढचा पुन्हा पिवळ्यात.

निवड करायला पुण्याहून एक बाई आल्या होत्या, टोपी घातलेल्या, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. त्या चालता चालता तिच्यामागं थांबल्या. "कुणी शिकवलं गं तुला?"

"माझ्या वडलांनी."

बाईंनी मास्तरांकडं बघून मान डोलावली. मास्तरांना वाटलं, आता सहीबिही नाही झाली तरी चालेल. असं त्यांना खरंच वाटलं, आणि ते बराच वेळ टिकलं असतं, पण तेवढ्यात आप्पा परत आले.

आप्पा गेलेच नव्हते. मैदानात मोबाईलला रेंज नव्हती म्हणून ते जीपपाशी जाऊन फोनवर बोलत होते. पुढं वरवंडला लग्न होतं, पण नवरदेवाचा टेम्पो कुठंतरी बंद पडला होता आणि लग्न लांबलं होतं. वरवंडच्या उन्हात मांडवाखाली बसण्यापेक्षा इथं सोफा होता, प्यायला थंड होतं, आणि पोरं बाण मारत होती. आप्पा येऊन सोफ्यावर ऐसपैस बसले. जन्मात पहिल्यांदाच ते एखादा कार्यक्रम शेवटपर्यंत बघणार होते. तेही नेमके त्याच दिवशी.

ज्ञानदेव सर मास्तरांच्या कानाशी आले. "मास्तर, पोरगी तुमची भलतंच काय करतीय? आप्पा बघत्यात. बाकीची आपली पोरं कशी पकडीत हायत बघा." बाकीची पोरं पकडीत होती आणि त्यांचे बाण कुंपणाबाहेर होते. "आन् तुमची फाईल," सर म्हणाले, आणि पुढचं बोलले नाहीत. तेवढं पुरेसं होतं.

मास्तर रेषेपाशी गेले. तेजश्री पुढच्या फेरीचे बाण घेऊन उभी होती. मास्तरांनी काही न बोलता अंगठा आणि तर्जनी एकमेकांना लावून दाखवली.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "आत्ता?" ती म्हणाली. "दादा, आत्ता?"

मास्तरांनी सोफ्याकडं नजर टाकली आणि मान खाली घातली.

ती थोडा वेळ त्यांच्याकडं बघत राहिली. तिनं नाही म्हणायला हवं होतं, असं तुम्हाला वाटेल. पण नाही म्हणायचं असतं हे तिला घरात कुणी दाखवलं होतं? आईनं दाखवलं होतं, पण आई मैदानात नव्हती. तिनं तळहातातला चिंचोका खाली टाकला आणि चिमटी धरली.

पहिला बाण कागदाच्या कडेला लागला. दुसऱ्याच्या वेळी दोरी सटकन हातावर बसली आणि तिचे डोळे भरले. तिसरा मातीत गेला. टोपीवाल्या बाई लगबगीनं आल्या. "हात दुखतोय का?"

"न्हाई बाई."

"मग पकड का बदललीस? आधी किती छान होती."

तेजश्रीनं वडलांकडं बघितलं. भिमाजी मास्तर बुटाची नाडी बांधत होते. ती सुटलेली नव्हती. बाई थोडा वेळ थांबल्या, दोघांकडं बघून काहीतरी समजल्यासारख्या झाल्या, आणि पुढच्या मुलीकडं गेल्या. त्यांना अजून बऱ्याच मुली बघायच्या होत्या. शेवटपर्यंत सोफा भरलेला राहिला आणि शेवटपर्यंत तेजश्रीनं चिमटी सोडली नाही.

दुपारी नावं वाचली. तेजश्रीचं नव्हतं. थोडक्यात हुकलं होतं, आणि हे थोडक्यात फार वाईट असतं, कारण ते कुठं हुकलं ते माणसाला बोट ठेवून दाखवता येतं.

आप्पा निघताना थांबले आणि त्यांनी मास्तरांना हाक मारली. मास्तर धावले. मागं तेजश्री धनुष्य घेऊन उभी होती.

"मास्तर, ही तुमची लेक ना? सुरवातीला काय झकास मारत हुती! मी फोनवर हुतो, पण लक्ष हुतं माझं. तिकडनं बघितलं मी, पिवळ्यात, पिवळ्यात." आप्पांनी मान हलवली. "आन् मग मधीच ही चिमटी कुणी शिकवली तिला? अंगठा कशाला घालायचा मधी? मला त्यातलं काय कळत न्हाई, पण एवढं तर पोरालाबी कळंल. चांगल्या पोरीचं नुकसान केलं तुम्ही."

आप्पा टोमणा मारत नव्हते. आप्पा खोटंही बोलत नव्हते. ते विसरले होते. त्या सालात त्यांनी एका ठिकाणी क्रिकेटचा चेंडू टोलवला होता, एका ठिकाणी कुस्तीची जोड लावली होती, एका ठिकाणी शिलाई मशीन चालवून दाखवलं होतं, आणि सगळीकडं टाळ्या पडल्या होत्या. त्यातला एक बाण कुठल्या कर्ण्यात गेला, हे त्यांनी का लक्षात ठेवावं? ज्या हातासाठी अख्खी शाळा वाकडी झाली, तोच हात आता पुष्कराज, नीलम, पोवळं, मोती यांच्यासह मास्तरांच्या खांद्यावर होता.

मास्तरांच्या घशापर्यंत सगळं आलं. भिंतीवरचं चित्र आलं, पेपरातला फोटो आला, खोबरेल लावणारी पोरं आली. शेजारी ज्ञानदेव सर म्हणत होते, "मीबी मास्तरांना तेच सांगत हुतो आप्पा."

"व्हय आप्पा," मास्तर म्हणाले. "चुकलंच माझं."

आप्पा खूश झाले. "असू द्या. चूक कबूल करणारा माणूस मला आवडतो. उद्या फाईल घिऊन या, सही करून टाकू." आणि जीप वरवंडकडं गेली.

आता खरं सांगायचं तर मास्तरांना आनंद झाला. इतक्या वर्षांची सही उद्या होणार, म्हणून झाला, आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची किळस आली, आणि तरी तो आनंद जाईना. तेजश्री हे सगळं समोरून बघत होती.

एसटीत दोघं शेजारी बसली. मास्तरांनी तिच्या हातावरच्या वळाकडं बघितलं आणि नजर खिडकीबाहेर नेली. "सही व्हणार आता," ते म्हणाले. "आता घराचं बरं होईल. तुझंबी. पुढल्या साली..." आणि थांबले, कारण पुढल्या साली ती चौदाच्या वर होती.

"दादा, त्यांना ठावकंच नव्हतं," तेजश्री म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "मी बादली धरली असती तरी त्यांनी टाळ्याच वाजवल्या असत्या. त्यांनी मला कवा काय सांगितलंच न्हाई. तुम्ही सांगितलं."

मास्तरांनी हातातल्या तिकिटाची घडी घातली. एसटीनं भीमेचा पूल ओलांडला. ऊस तुटून गेलेली रानं दोन्ही बाजूंना मागं जात होती.

"उद्यापासनं मला शिकवू नका," ती म्हणाली.

न्हाई, असं म्हणायची ती वेळ होती. न्हाई पोरी, शिकवणार, वसतिगृह गेलं खड्ड्यात, आपण रानात जाऊ, बादली धर. एवढं म्हटलं असतं तर तिनं ऐकलं असतं, ती त्यासाठीच त्यांच्याकडं बघत होती. मास्तरांचे ओठ हलले. तिनं वाट बघितली.

"व्हय," मास्तर म्हणाले.